गाडीचं नाक

७ ऑक्टोबर, सोमवार

निर्णय झाला. या वर्षी गाडी पुलावर नेणार नाही.

आमच्या वेळच्चेरीत, म्हणजे शहराच्या सखल भागात, पावसाचा रेड अलर्ट लागला की सगळे गाड्या काढतात, उड्डाणपुलावर एकामागे एक लावतात आणि गुडघाभर पाण्यातून चालत घरी येऊन हुशारी केल्यासारखी कॉफी पितात. दर वर्षी. पूल रहदारीसाठी बांधला की भित्र्यांसाठी, हे कोणी विचारत नाही. मागच्या वर्षी मीही नेली होती. ती पूंकोडीची इच्छा होती. बायकोची इच्छा मोडायची नसते.

आज एक व्हिडिओ पाहिला. इंजिन पाण्यात उभं राहून मरत नाही. श्वासातून पाणी ओढतं म्हणून मरतं. सिलिंडरमध्ये हवेच्या जागी पाणी आलं की ते दाबलं जात नाही, आणि आतला दांडा वाकतो. म्हणजे प्रश्न फक्त नाकाचा आहे. नाक वर घ्यायचं. जंगलातल्या जीपना असतं तसं.

मी अठरा वर्षं कारखान्यात पंपांची ड्रॉइंग काढतो आहे. पाणी कसं वागतं हे मला कोणी शिकवू नये.

संध्याकाळी तामरैचा, माझ्या धाकट्या बहिणीचा फोन. तिच्या याळिनीचे कान टोचायचं ठरलं. १७ नोव्हेंबर, रविवार. मदुरांतकमजवळ आमच्या कुलदैवताच्या देवळात. मुहूर्त नऊ ते साडेदहा. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली मुलगी. कान टोचताना भाची मामाच्या मांडीवर बसते, आणि सख्खा मामा मी एकटाच. तामरै म्हणाली, "अण्णा, ऐन पावसाचे दिवस. आदल्या दिवशीच येशील ना?" मी म्हटलं, पाणी कितीही असो, माझी गाडी त्यातून येईल. तिने "बरं" म्हणून फोन ठेवला. भारावली असावी.

९ ऑक्टोबर, बुधवार

पूंकोडीच्या शिवणाच्या टेपने मापं घेतली. गाडीचं नाक हेडलाइटच्या मागे आहे, जमिनीपासून अडुसष्ट सेंटिमीटर. कंपाउंडच्या भिंतीवर मागच्या वर्षीच्या पाण्याची रेघ आहे, एक्क्याऐंशी सेंटिमीटर. नाक टपाच्या वर न्यायचं. दीड मीटर. हिशेब संपला.

पूंकोडीने विचारलं, "अहो, पुलावर गाडी ठेवली तर रेघ किती सेंटिमीटरवर येते?"

ती दहावीला गणित शिकवते, पण हे वेगळं आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

एअर फिल्टरचा डबा उघडला. तळाला पेन्सिल जाईल एवढं भोक सापडलं. कारखान्यातूनच. इतकी वर्षं लाखो लोक तळाला भोक असलेला डबा घेऊन फिरत आहेत आणि एकालाही पत्ता नाही. पाणी इथूनच चढणार. पुट्टीने बुजवलं. वर रबराची चकती. वर पुन्हा पुट्टी.

कंपनीला पत्र लिहायचं. सौम्य भाषेत.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

रेड अलर्ट. गल्ली सकाळी सातलाच रिकामी. सगळ्यात आधी अन्बरसू. हा आमच्या थोरल्या काकांचा मुलगा. दोन घरं पलीकडे राहतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि हे तो विसरू देत नाही. दर वर्षी पुलाच्या माथ्यावरची जागा पटकावतो. जाताना काच खाली करून म्हणाला, "काय कदिरेसा, चलतोस की पोहतोस?"

मी हसलो. गाडी जागची हलणार नव्हती.

मी अंघोळीला गेलो असताना पूंकोडीने ती पुलावर नेली. शेवटची जागा मिळाली, उताराच्या तळाशी. दिवसभर लख्ख ऊन.

हे धरायचं नाही. पाइप बसवायचा होता अजून.

२० ऑक्टोबर, रविवार

पाइप आणला. तीन इंची, राखाडी, पाण्याच्या लाइनचा. यासीनभाईंच्या गॅरेजमध्ये गेलो. पत्रा कापून द्यायला त्यांनी नकार दिला. म्हणाले, "सर, चांगल्या गाडीला कोण भोक पाडतं?" चांगल्या गाडीला कंपनीने आधीच भोक पाडलेलं असतं हे मी त्यांना सांगितलं नाही. ज्ञान सगळ्यांना पेलत नाही.

स्वतः बसवला. पाइप बॉनेटच्या फटीतून बाहेर, काचेच्या कडेने वर, टपावर. बॉनेट पूर्ण लागत नाही, दोन बोटं उघडं राहतं. दोरीने बांधलं. उजवा वायपर पाइपला अडतो. डावा चालतो. मान डावीकडे झुकवली की रस्ता दिसतो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

गाडी जरा दमते. चढावर विशेष. कारण सापडलं: इतक्या लांबून हवा ओढायची तर तोंड मोठं हवं. स्वयंपाकघरात तेलाचा डबा भरायचं ॲल्युमिनियमचं नरसाळं होतं. व्यास चोवीस सेंटिमीटर. पाइपाच्या तोंडाशी बसवलं, फुलासारखं वर उघडं. गाडी जास्त मोकळा श्वास घेते असं मला स्पष्ट जाणवलं.

पूंकोडी तेलाचा डबा घेऊन अर्धा तास नरसाळं शोधत होती. मीही शोधायला मदत केली.

यासीनभाईंनी रस्त्यात गाडी थांबवली. भोवती एक फेरी मारली. म्हणाले, "सर, तोंड खाली वळवा. नाहीतर मागे तरी. आभाळाकडे तोंड वासून कोणी बसतं का?" मी त्यांना समजावलं की पुराचं पाणी खालून वर येतं. ते म्हणाले, "आणि पावसाचं?"

अनुभवी माणूस आहे, पण सगळं एकत्र कालवतो. पूर आणि पाऊस हे दोन वेगळे विषय आहेत.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. दीपावली

अन्बरसू फराळाचं घेऊन आला, मुरुक्कू आणि अधिरसम. गाडीसमोर पाच मिनिटं उभा. मग म्हणाला, "कदिरेसा, गाडीला नादस्वर कधी लावलंस? लग्नाची ऑर्डर घ्यायला लागलास?" त्याची बायको हसली. पूंकोडी हसली. ती जरा जास्त वेळ हसली, कारण नरसाळं तिने तेव्हाच ओळखलं.

आता गल्लीतली सगळी पोरं नादस्वर गाडी म्हणतात. वेगात गेलं की नरसाळ्यातून सनईसारखा थोडा आवाजही येतो. षड्जाच्या जवळपासचा.

प्रत्येक नव्या गोष्टीला लोक आधी हसतात. सहन करायचं.

३ नोव्हेंबर, रविवार

चाचणी. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर कालचं पाणी साचलं होतं. टायर निम्मा बुडेल एवढं. पूंकोडीला शेजारी बसवून आरपार गेलो. इंजिन एकदाही अडखळलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "अहो, पुढे सायकलवर इडलीवाली गेली."

इडलीवालीच्या सायकलीला इंजिन नसतं. तुलना चुकीची.

रात्री गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं: 'पुलावर पळणं ही सवय आहे, उपाय नव्हे.' एकोणतीस जणांनी वाचलं. एकाने अंगठा दाखवला. चुकून, असं त्याने नंतर लिहिलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा. शनिवारी रेड अलर्ट. वा.

तामरैचा फोन. "अण्णा, शनिवारी नको, उद्याच ये. वहिनींना घेऊन ट्रेनने ये." मी म्हटलं, मामा ट्रेनने येत नाही. मामा आहेर घेऊन स्वतःच्या गाडीने देवळाच्या दारात उतरतो. ती म्हणाली, "तू नुसता आलास तरी चालेल रे. मांडी घेऊन ये म्हणजे झालं." मग म्हणाली की याळिनी रोज बाहुलीला मांडीवर घेऊन तिचे कान टोचते आणि स्वतःच रडते. घाबरली आहे. मामा धरणार आहे, असं सांगितलं की गप्प होते.

मी सांगितलं, रविवारी आठ वाजता देवळात. लिहून घे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पूंकोडीशी बोलणी. तिची एकच अट: उद्या गाडी पुलावर. नाहीतर ती आजच बसने जाईल आणि आहेराची ताटंही नेईल.

विचार केला. नुकसान काही नाही. खरी परीक्षा रविवारी रस्त्यावर होईलच. शिवाय पुलावरून खाली पाण्यात उतरणारी गाडी जास्त लोकांना दिसते.

मान्य केलं. गाडीला गरज नाही, हे तिला दोनदा सांगितलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे पाचला पुलावर पोचलो. आयुष्यात पहिल्यांदा माथ्यावरची जागा. अगदी मधोमध. दोन्ही बाजूंना उतार. अन्बरसू सहाला आला आणि अकरा गाड्या खाली लागला. मी कठड्याला टेकून त्याला हात केला.

या क्षणी सगळ्या वेळच्चेरीत माझ्या गाडीहून उंच गाडी नाही. त्यात नाक आणखी वर. हिशेबाने पाहिलं तर पुराला तिथपर्यंत यायला समुद्र उचलावा लागेल.

सातला पाऊस सुरू. दिवसभर. असा पाऊस पाच-सहा वर्षांत नव्हता. दुपारी गल्लीत गुडघाभर, संध्याकाळी अंगणात. टीव्हीवर म्हणाले, वीस सेंटिमीटरच्या वर. पूंकोडी खिडकीत उभी राहून म्हणाली, "अहो, ते नरसाळं झाकून आलात ना?" मी म्हटलं, झाकलं तर श्वास कसा घेणार?

गाडी बंद असताना श्वास घेत नाही, असं काहीतरी म्हणाली. मी झोपायला गेलो. मन शांत आहे. सगळ्या शहरात निश्चिंत माणूस मी एकटा असेन.

१७ नोव्हेंबर, रविवार

५:१५. पाऊस थांबला. आहेराची ताटं प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर घेतली. मांडीपर्यंत पाणी. पूंकोडी पुढे, साडी खोचून. कानातलं तिच्या पर्समध्ये.

६:०५. पुलावर. पलीकडच्या उतारावर पाणी कमी आहे, लोक तिकडून गाड्या काढत आहेत. एकेक सुरू होते आणि जाते. माझी माथ्यावर, धुऊन स्वच्छ. पुराने चाकाची कडही भिजलेली नाही.

६:१०. किल्ली फिरवली. टक.

६:११. पुन्हा. टक. बॅटरी नाही, दिवे लागतात.

६:१४. तिसऱ्यांदा. गाडी एकदा खोकली, मग आत कुठेतरी खण् असा आवाज आला. चौथ्यांदा आणि पाचव्यांदा फक्त खात्रीसाठी.

६:२०. अन्बरसू गाडी घेऊन वर आला. कमरेला जरीकाठी रेशमी वेष्टी, कपाळाला विभूती. नुसतं बघायला येणाऱ्याला रेशमी कशाला हवी कळत नाही. म्हणाला, "चला, दोघंही बसा. ताटं मागे ठेवा." आवाजात टोमणा नव्हता. हे मला जास्त लागलं. मी म्हटलं, इंजिन रात्रभर थंडीत होतं, पाच मिनिटं लागतील, तुम्हाला तांबरमला गाठतो. पूंकोडी म्हणाली, "अहो, बसा. पोरगी वाट बघतेय." मी म्हटलं, पुढे हो. ती ताटं घेऊन त्याच्या गाडीत बसली.

जागा होती. मागच्या सीटवर, खिडकीजवळ.

६:४५. यासीनभाईंना फोन. ते म्हणाले, "सर, किल्लीला हात लावू नका. लावलात? किती वेळा?" मी म्हटलं, एकदा. मग म्हणाले, "पाच वेळा का?"

७:५०. यासीनभाई आले, कमरेपर्यंत भिजून. दोरी सोडली, बॉनेट उघडलं, फिल्टरचा डबा काढून तिरपा केला. पाणी पडलं. पडतच राहिलं. पुलाच्या माथ्यावरून ओघळ दोन्ही बाजूंना गेले. एक हवालदार शिट्टी तोंडातच ठेवून बघत होता. मग म्हणाला, "गाडी बुडालीय? इथे? वर?" त्याने वाकून पुलाखाली किती पाणी आहे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे.

८:०५. तामरैचा फोन. "अण्णा, कुठवर आलास?" तांबरम ओलांडलं म्हटलं. मागे शिट्टी वाजली. ट्रॅफिक फार आहे म्हटलं.

८:३०. टॅक्सी बघितली. पाण्यात कोणी यायला तयार नाही. बसस्टॉप पाण्यात. एका लॉरीवाल्याला विचारलं, तो उलट दिशेला जाणारा निघाला.

९:१०. पुन्हा तामरै. चेंगलपट्टूच्या पुढे, पालारचा पूल लागला म्हटलं. पुलावर होतो, हे खरं होतं. तिने विचारलं, "पाणी आहे का नदीला?" आहे म्हटलं. भरपूर. तेही खरं.

९:४०. कठड्यावर बसलो आहे. ऊन आलं. सगळ्या गाड्या गेल्या. सबंध पुलावर माझी एकटी.

१०:१०. तामरै. देवळाची कमान दिसते, सोनाराला थांबव, मुहूर्त जाऊ देऊ नको, याळिनीला सांग मामा आलाच, असं सगळं मी एका दमात म्हटलं. ती म्हणाली, "अण्णा, पुलावरून खाली उतर. घरी जा, काहीतरी खा. वहिनी आणि अन्बू अण्णा साडेआठलाच पोचले. कान सव्वानऊला टोचले. तू नदी बघत होतास ना, तेव्हा."

मी विचारलं, मग आत्ता कशाला फोन केलास? म्हणाली, "तू कुठपर्यंत येतोस ते बघत होतो. सगळेच. फोन स्पीकरवर होता."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

यासीनभाईंनी इंजिन उतरवलं. दोन दांडे वाकले आहेत. एक हातात दिला. व्हिडिओत होता तसाच, म्हणजे माझी माहिती अचूक होती.

तळाच्या भोकाबद्दल ते म्हणाले, "सर, डब्यात चुकून पाणी शिरलं तर गळून जावं म्हणून कंपनी ते ठेवते." मी म्हटलं, मग कंपनीने पुस्तकात ठळक लिहायला हवं होतं. घरी येऊन पुस्तक पाहिलं. लिहिलं आहे. ठळक नाही.

खालून एक थेंब गेला नाही. हे कोणीच मान्य करत नाही. मूळ कल्पना शाबूत आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

गल्लीच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला. रिकामा पूल, मधोमध गाडी, बॉनेट उघडं, मी कठड्यावर. खाली लिहिलं होतं, 'पुढच्या वर्षी पुलासाठी पूल लागेल.' एकोणतीस जणांनी अंगठा दाखवला. त्यात पूंकोडीचा होता.

तिला विचारलं. म्हणाली, "फोटो चांगला आलाय."

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तामरैने अन्बरसूला तयारीत राहायला महिन्याभरापूर्वीच सांगून ठेवलं होतं. वेष्टी तेव्हाच घेतली. तामरै त्याला म्हणाली होती, "अण्णा येईलच. पण नाही आला तर पोरीला कोणीतरी धरायला हवं ना."

हे मला आधी कोणी सांगितलं नाही. पूंकोडी म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?" विचार केला. प्रश्न तांत्रिक नव्हता.

२४ नोव्हेंबर, रविवार

ठरवलं होतं: तामरैशी गाडीबद्दल बोलायचं नाही. नरसाळं आधीच घासून स्वयंपाकघरात परत ठेवलं होतं. पूंकोडीने त्यातून तेल ओतायला नकार दिला, तो भाग वेगळा.

तामरै याळिनीला घेऊन आली. कान अजून थोडे लाल. सोन्याची फुलं छान दिसतात. मामाने दिलेली आहेत हे तिला माहीत आहे, मी विचारून घेतलं. ती आपणहून मांडीवर येऊन बसली. वजन फारसं नाही. धरायला कठीण गेलं नसतं.

दुखलं का विचारलं. तिने हो म्हणून मान हलवली. तामरै म्हणाली, "सुई दिसली आणि जी सुरू झाली! सगळा वेळ नुसतं मामा, मामा. देऊळभर आवाज."

मी म्हटलं, म्हणजे माझीच आठवण काढत होती. मला बरं वाटलं. पूंकोडीकडेही पाहिलं.

तामरै म्हणाली, "ती 'मामा सोड, मामा सोड' म्हणत होती, अण्णा. घट्ट धरलं होतं अन्बू अण्णांनी. त्यांच्या हाताला चावलीसुद्धा."

अन्बरसूचा हात काल पाहिला होता. अंगठ्याजवळ छोटी अर्धगोल खूण. विचारलं तर म्हणाला, काही नाही.

ते चावणं माझ्या वाट्याचं होतं.